अंतर्यामी : हिंदू विचारातील ईश्वराची वस्ती आणि आपला विश्वास

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १७:२२–३१, मत्तय २५:३१–४६

आपले हिंदू शेजारी परस्परांना हात जोडून नमस्कार करतात, तेव्हा समोरच्या व्यक्तीच्या ठायी असलेल्या ईश्वरालाच आपण वंदन करीत आहोत, अशी पुष्कळांची भावना असते. या भावनेमागे फार प्राचीन चिंतन आहे. ते समजून न घेता 'हिंदू सर्वच वस्तूंना देव मानतात' असे म्हणून मोकळे होणे हा शेजाऱ्यावर अन्याय होय.

उपनिषदांची शिकवण

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू याला पाण्यात मीठ टाकावयास सांगतो. दुसऱ्या दिवशी मीठ डोळ्यांना दिसत नाही, परंतु पाणी कोठूनही चाखले तरी खारटच लागते. सत्तत्त्व या देहात असेच अदृश्यपणे भरलेले आहे, असा पित्याचा बोध आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य 'अंतर्यामी' या तत्त्वाचे विवरण करतो : जो सर्व भूतांच्या आत राहतो, ज्याला ती भूते ओळखत नाहीत, आणि जो आतूनच त्यांचे नियमन करतो, तो अंतर्यामी. ईश्वर सर्व प्राण्यांच्या हृदयात वसतो हा विचार गीतेच्या अठराव्या अध्यायातही आला आहे.

तथापि या वचनांचा अर्थ सर्व आचार्यांनी एकसारखा लावलेला नाही. शंकराचार्यांच्या मते जीव व ब्रह्म यांत वास्तविक भेद नाही. भेद भासतो तो अविद्येमुळे. रामानुजाचार्यांच्या मते जीव व जगत् हे ईश्वराचे शरीर असून ईश्वर त्यांचा आत्मा आहे. मध्वाचार्य तर जीव व ईश्वर यांतील भेद नित्य मानतात. ईश्वर जीवाच्या आत असला तरी जीव सदैव परतंत्रच राहतो. एकाच श्रद्धेची ही तीन रूपे आपण ध्यानात ठेवली पाहिजेत.

महाराष्ट्रातील संतांनी हा विचार आचरणात उतरविला. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ यांच्या कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकल्या आहेत.

तत्त्व आणि व्यवहार

असे असूनही संत चोखामेळ्याला विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश मिळाला नाही; त्याची समाधी महाद्वाराबाहेरच आहे. पंढरपूरचे ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले होण्याकरिता १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. सर्वांच्या ठायी एकच ब्रह्म असेल तर सर्व माणसे समान ठरतात. मग हे तत्त्व समाजव्यवस्थेचा पाया का झाले नाही, असा भेदक प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला.

ख्रिस्ती विश्वासाचे म्हणणे

पौलाने अथेनैकरांस सांगितले की, देव आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही, आपले जगणे व असणे त्याच्याच ठायी आहे. हे सांगताना त्याने त्यांच्याच कवींचा आधार घेतला. म्हणून देवाच्या सर्वव्यापी सान्निध्याविषयी हिंदू बांधवांशी बोलताना आपणांस संकोच वाटण्याचे कारण नाही.

परंतु भेदही स्पष्ट आहे. पवित्र शास्त्राप्रमाणे मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे (उत्पत्ती १:२७), तो स्वतः देव नाही. निर्माता व निर्मिती यांतील अंतर प्रीतीने ओलांडले जाते, पण पुसले जात नाही. अद्वैताला मनुष्याची मूळ व्याधी अज्ञान वाटते. शास्त्र तिला पाप, म्हणजे देवाशी तुटलेला संबंध, म्हणते. त्यामुळे उपायही वेगळा आहे : केवळ आत्मबोध नव्हे, तर ख्रिस्ताद्वारे समेट. पवित्र आत्म्याची आपल्यातील वस्ती ही आपल्या स्वभावाची मिळकत नसून कृपेचे दान आहे.

आपली परीक्षा

न्यायाच्या दिवसाविषयी बोलताना प्रभूने विचारलेला प्रश्न मात्र आपणांस अस्वस्थ करणारा आहे. भुकेल्याला, परक्याला, बंदिवानाला आपण जे केले, ते त्याने स्वतःला केले असे मानले. मग तामिळनाडूतील काही मंडळ्यांत दलित बांधवांना उपासनेसाठी वेगळी जागा आणि मरणानंतर वेगळी दफनभूमी दिली गेली, ती कोणाला दिली गेली? विवाह जुळविताना आपल्याच घरांत जातीची चौकशी होते, तेव्हा आपण कोणाला दाराबाहेर उभे करतो? एकाच भाकरीत भागी होऊनही करिंथकरांनी गरिबांना लाजविले, आणि पौलाने त्यांस कठोर शब्दांत सुनावले. शेजाऱ्याच्या तत्त्वातील व व्यवहारातील अंतर दाखविण्यापूर्वी आपले अंतर मोजणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे. ज्याला आपण देवाचे प्रतिरूप म्हणतो, त्याच्याबरोबर एका पंगतीस बसण्याची आपली तयारी नसेल, तर आपली शिकवण कितीही शुद्ध असली तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवील?

चिंतनासाठी प्रश्न

१. 'ईश्वर सर्वांच्या अंतरी आहे' असे हिंदू मित्राने म्हटल्यास आपण कोठपर्यंत सहमत व्हाल? कोठे थांबाल?
२. देवाचे प्रतिरूप असणे आणि देव असणे यांतील फरक साध्या शब्दांत सांगा.
३. आपल्या मंडळीत कोणी अद्यापि महाद्वाराबाहेर उभे आहे काय?

प्रार्थना : हे प्रभो, तू आमच्यापासून दूर नाहीस. ज्यांना आम्ही दूर ठेवले, त्यांच्यात तुझे प्रतिरूप पाहण्याची दृष्टी आम्हांस दे. आमेन.