बचत गटाची वही कोणाच्या हाती?



विसरवाडीजवळच्या एका पाड्यातील बचत गटाची वही तीन वर्षे मीच लिहीत होते. बायांना लिहिता येत नाही, मग आपण मदत करावी, एवढाच विचार. पुढे मी दोन महिने आजारी पडले. परत गेले तर गट बंद! पैसे कोणी खाल्ले नव्हते. पण कोणाचे किती, हेच कोणाला सांगता येईना. माझी मदतच गटाला नडली होती.

गट कसा चालतो?
१५ जणींनी दरमहा १०० रुपये टाकले, तर वर्षाला १८,००० जमतात. एखादी बियाण्यासाठी ५,००० उचलते. महिन्याला शेकडा २ प्रमाणे पहिल्या महिन्याचे १०० रुपये व्याज गटाच्याच पेटीत येते. सावकाराला दिलेले व्याज परत येत नाही. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. तेव्हापासून नियमित चालणाऱ्या गटाला तारणाशिवाय बँकेचे कर्ज मिळू लागले.

अडचणी आणि उपाय
पहिली अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. बैठक, बचत, परतफेड सारे थांबते. म्हणून हप्ते हंगाम पाहून ठरवावेत. परतल्यावर मजुरीतून मोठा हप्ता घ्यावा.

दुसरी अडचण वहीची. आता त्या गटाची वही पाड्यातलीच दहावी झालेली सून लिहिते. दर बैठकीत हिशेब मोठ्याने वाचला जातो, तोही मावचीत. पैसे दोघी मोजतात. मी मागे बसून ऐकते.

तिसरी अडचण आपल्यासारख्यांच्या देणगीची. फुकट आलेला पैसा परत करावासा वाटत नाही. जर्मनीतील राइफायझेन यांनीही आधी श्रीमंतांच्या दानावर कर्जसंस्था चालवली. ते टिकेना, तेव्हा १८६४ साली सभासदांच्याच एकमेकांवरील जबाबदारीवर पतसंस्था उभारली.

तेव्हा गटाच्या पेटीत पैसे टाकू नका. हिशेबाच्या प्रशिक्षणाला, साक्षरता वर्गाला हातभार लावा.

विचार करा
१. आपल्या मदतीने कोणाचे हात बळकट होतात, त्यांचे की आपले?
२. आपण उद्या गेलो नाही, तर ते काम चालेल का?