सुई, तबकडी आणि १.८ ग्रॅम

होस्टेलवर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये लाखो गाणी असताना तबकड्यांवर लेख म्हणजे जरा अतीच, असं तुम्हाला वाटेल. पण टर्नटेबल म्हणजे मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचं एकत्र प्रॅक्टिकल आहे. माझं हे प्रॅक्टिकल एकदा चांगलंच फसलं, म्हणून हा लेख.

गेल्या सुट्टीत मी पुण्याला मामाकडे होतो. त्याच्याकडे टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके-२ आहे आणि आजोबांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या एल.पी. आहेत. "इंजिनिअर होणार ना तू? मग हे नवीन कार्ट्रिज बसव," असं म्हणून त्याने यंत्र माझ्या ताब्यात दिलं.

तीन घराणी

टर्नटेबलची कामं दोनच. तबकडी मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे फिरवायची आणि सुई अशी धरायची की तिला फक्त खाचच हलवेल. हे साधण्याची तीन घराणी आहेत.

आयडलर ड्राइव्हमध्ये रबरी चाक प्लॅटरच्या कडेला आतून घासून तो फिरवतं. इंग्लंडचं गॅरार्ड ३०१ (१९५४) या जातीचं. जोर भरपूर, पण मोटरची थरथरही चाकातून वर येऊ शकते. बेल्ट ड्राइव्हमध्ये ही थरथर रबरी पट्टा गिळतो. स्कॉटलंडच्या लिन सोंडेक एलपी१२ मध्ये (१९७३) शिवाय प्लॅटर आणि टोनआर्म तीन स्प्रिंगांवर तोललेले असतात. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मध्ये काहीच नाही, प्लॅटर थेट मोटरवर. याची सुरुवात टेक्निक्सच्या एसपी-१० ने १९७० मध्ये केली. एसएल-१२०० आलं १९७२ ला, आणि क्वार्ट्झ नियंत्रणाचं एमके-२ १९७९ ला.

एमके-२ च्या वेगातला चढउतार कंपनी ०.०२५ टक्के देते. आता गंमत बघा. तबकडीचं भोक फक्त अर्धा मि.मी. सरकलेलं असेल, तर केंद्रापासून १०० मि.मी. वरच्या खाचेत वेग ०.५ टक्के वरखाली होतो. म्हणजे यंत्राच्या वीस पट! तंबोऱ्याचा षड्ज हलताना ऐकला की आपण यंत्राला शिव्या देतो, पण दोष बऱ्याचदा भोकाचा असतो.

मामाच्या एका मित्राकडे एलपी१२ आहे, तेही ऐकलं. जुन्या वाड्याची लाकडी माडी. कुणी चाललं की जमीन दबायची, स्प्रिंगा डोलायच्या आणि सुई उडायची. दोष यंत्राचा नव्हता, तक्तपोशीचा होता. भिंतीत ठोकलेल्या फळीवर यंत्र नेलं आणि प्रश्न मिटला. मग तीच तबकडी दोन्हीकडे ऐकली. फरक होता, नाही असं नाही. पण नीट लावलेल्या दोन यंत्रांतल्या फरकापेक्षा नीट लावलेलं आणि चुकीचं लावलेलं यातला फरक कितीतरी मोठा, हे मला पुढे स्वतःच्याच चुकीने कळलं.

मांडणी

१. प्लॅटर समतल करा. सर्व्हे लॅबमधली पाणसळ चालेल.

२. अँटिस्केटिंग शून्यावर ठेवून काउंटरवेट असं फिरवा की आर्म हवेत आडवा तरंगेल. तिथे काट्याची चकती शून्यावर आणा आणि मग कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला भार द्या. माझ्याकडे ऑर्टोफॉन २एम रेड होतं, भार १.८ ग्रॅम.

३. प्रोट्रॅक्टर कागदावर केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मि.मी. वरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेषांना समांतर हवं. प्रिंट काढल्यावर अंतर पट्टीने मोजाच, प्रिंटर फसवतो. नंतर भार पुन्हा तपासा.

४. सुई तबकडीवर असताना आर्म बाजूने समांतर आणि कार्ट्रिज समोरून सरळ दिसायला हवं. खाली छोटा आरसा ठेवला की तिरकेपणा लगेच कळतो.

५. हेडशेल कोनात असल्यामुळे घर्षण आर्मला आत ओढतं. त्यावर उतारा म्हणजे अँटिस्केटिंग. भाराइतक्याच आकड्यापासून सुरुवात करा.

शेवटी एक गणित. आर्मचं प्रभावी वस्तुमान १२ ग्रॅम, कार्ट्रिज ७.२, स्क्रू धरून साधारण २०. कार्ट्रिजची लवचिकता २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०. १५९ भागिले २० म्हणजे जवळजवळ ८ हर्ट्झ अनुनाद. तो ८ ते १२ मध्ये असावा: वाकड्या तबकडीच्या हेलकाव्यांच्या वर आणि गाण्याच्या खाली. आपलं काठावर पास!

माझी चूक

हे सगळं मला आता येतं. तेव्हा मी कागद वाचला नव्हता. "हलकी सुई म्हणजे तबकडी कमी झिजणार," असा तर्क लढवून मी भार १ ग्रॅम ठेवला. लावली ती आजोबांची सर्वांत आवडती एल.पी. द्रुत सुरू झाली आणि प्रत्येक तान फाटायला लागली. मला वाटलं तबकडीच जुनी आहे, म्हणून तीच बाजू पुन्हा पुन्हा लावली. खरं तर कमी भारामुळे सुई खाचेच्या भिंती सोडून पुन्हा त्यांच्यावर आदळत होती. भार १.८ केल्यावर बाकीच्या तबकड्या स्वच्छ वाजल्या, पण त्या द्रुतातली खरखर तशीच राहिली.

मामाला सांगताना घसा कोरडा पडला. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "गेलं ते परत येणार नाही. पण बाकीच्या आता तू सांभाळायच्या."

फाईल रि-सबमिट करता येते, खाच नाही. म्हणून घरी माळ्यावर कुणाचं जुनं यंत्र सापडलं, तर मित्रांनो, आधी कागद वाचा, मग सुई टेकवा.