डोळ्यांतील कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही म्हण आपण नित्य वापरतों. म्हणीपुरतें कुसळ क्षुद्र असेल. परंतु शेतांत काम करतांना डोळ्यांत गेलेलें खरेंखुरें कुसळ क्षुद्र मानणें फार महाग पडतें. सुगीच्या दिवसांत ज्वारीचें पातें, भाताचें कुसळ, उसाच्या पाचटाची धार, मळणीयंत्रांतून उडालेला भुसा किंवा बैलाच्या शेपटीचा फटकारा यांनीं कधीं डोळा दुखावला नाहीं, असें शेतकऱ्याचें घर विरळा. बहुतेक वेळां असा डोळा दोन दिवसांत आपोआप बरा होतो; आणि म्हणूनच ज्या वेळीं तो बरा व्हावयाचा नसतो, त्या वेळीं आपण गाफील राहतों. अशा डोळ्याची पारख कशी करावी व त्यास कसें जपावें, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इजा झाली म्हणजे काय होतें?

घड्याळावर जशी कांच असते, तसा बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो. मध्यभागीं त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर इतकीच असते. त्यांतून उजेड निर्वेध आंत जावा म्हणून निसर्गानें त्यांत रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहींत. त्याच्या पृष्ठभागावरील नाजूक साल शाबूत आहे तोंवर रोगजंतूंस सहसा आंत शिरतां येत नाहीं. झाडाची साल खरवडली म्हणजे तेथें बुरशीस वाट मिळते, हें वाचकांस ठाऊकच आहे. डोळ्याचेंही तसेंच आहे. कुसळानें ही साल खरचटली कीं त्या जागीं जंतु किंवा बुरशी रुजते व व्रण पडतो.

हरभऱ्यास व तुरीस मर रोग आणणारी बुरशी ज्या फ्युजेरियम कुळांतली, त्याच कुळांतील बुरशी मनुष्याच्या डोळ्यांतही व्रण पाडते. भुईमुगाच्या शेंगांवर वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीचें कुळही असेंच उपद्रवी आहे. पाला, भुसा व माती यांवर या बुरश्यांचें वास्तव्य असल्यामुळें शेतकऱ्याच्या डोळ्यास त्यांचें भय विशेष. दक्षिण भारतांतील शेतकरी रोग्यांत बुरशीचे व्रण फार आढळतात, त्याचें कारण हेंच. व्रण वेळेवर आटोक्यांत आला नाहीं तर तो भरून आल्यावरही पांढरा डाग कायम राहतो. यासच आपण डोळ्यांत फूल पडणें म्हणतों. व्रण खोल गेल्यास पडद्यास छिद्र पडून डोळाच जातो.

वेळेचें महत्त्व

इजा झाल्यावर उपचारास किती अवकाश आहे, या प्रश्नाचें उत्तर नेपाळांतील भक्तपूर भागीं केलेल्या एका पाहणींत मिळतें. तिचा वृत्तांत सन २००१ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथें गांवोगांवच्या आरोग्यसेवकांस शिकवून तयार केलें, आणि बुबुळावर खरचटलेल्या ४४२ माणसांच्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉलचें शेंकडा १ प्रमाणाचें मलम दिवसांतून ३ वेळां, असें ३ दिवस घातलें. इजेपासून १८ तासांच्या आंत आलेले २८४ जण होते. त्यांपैकीं एकासही व्रण झाला नाहीं. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकीं ४ जणांस व्रण झाला. २४ ते ४८ तासांत आलेले अवघे ४९. पण त्यांत १४ जणांस व्रण झाला. औषध तेंच, सेवक तेच. फरक केवळ वेळेचा. “आज राहूं द्या, उद्यां पाहूं” या एका वाक्याची किंमत या आंकड्यांत स्पष्ट दिसते.

पारख

साथीनें डोळे येतात तेव्हां लाली व चिपडें असतात, बहुधा एकामागून एक दोन्ही डोळे बिघडतात. पण चिपडें पुसलीं कीं दृष्टि बहुतकरून स्वच्छ असते. व्रणाचीं लक्षणें निराळीं आहेत. बहुधा एकच डोळा दुखतो व त्यापूर्वीं कांहींतरी लागल्याची आठवण असते. डोळ्यांत खडा सलतो आहे असें वाटतें, पाणी वाहतें, उजेड सोसत नाहीं आणि नजर अंधुक होते. पुढें बुबुळावर पांढुरका किंवा करडा ठिपका दिसूं लागतो. बुरशीचा व्रण पुष्कळदां सावकाश, कांहीं दिवसांनीं डोकें वर काढतो. म्हणून पहिल्या दिवशीं दुःख थोडें होतें यावरून निर्धास्त होऊं नये. म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूंतही बाहुली पांढरी दिसते. परंतु तेथें लाली व वेदना सहसा नसतात आणि नजर हळूहळू मंदावते. वेदनेसह पांढरा ठिपका दिसल्यास तो मोतीबिंदु समजून स्वस्थ बसूं नये.

काय करावें?

डोळा चोळूं नये. हात धुऊन स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा. सुटें कुसळ असेल तर तें पाण्याबरोबर निघून जाईल. रुतलेलें असेल तर तें उपटूं नये व डोळ्यावर दाब देऊं नये. एखादी स्वच्छ वाटी डोळ्यास न टेकेल अशी वर धरून रोग्यास थेट रुग्णालयांत न्यावें. पाल्यानें किंवा भुशानें खरचटलें असतां डोळ्यावर पट्टी घट्ट बांधूं नये. तिच्या उबेंत जंतूंचेंच फावतें. चुना किंवा फवारणीचें औषध उडालें तर मात्र एक क्षणही न दवडतां तेथेंच पाण्याच्या धारेखालीं निदान १५ मिनिटें डोळा धुवावा, चुन्याचे कण दिसल्यास धुवून काढावेत, आणि मग वैद्याकडे जावें.

काय करूं नये?

पदराच्या टोकानें किंवा जिभेनें कुसळ काढणें, डोळ्यांत दूध, मध, एरंडेल किंवा झाडपाल्याचा रस घालणें, हे उपाय प्रेमानें केले जातात. पण उघड्या जखमेवर ते नवे जंतु आणून सोडतात. याहून मोठा धोका दुकानांतून मागून आणलेल्या थेंबांचा आहे. ज्यांत स्टेरॉइड असतें असे थेंब घातले कीं लाली झटकन् ओसरते व डोळा बरा झाला असें वाटतें. परंतु शरीराची प्रतिकारशक्ति दबल्यामुळें आंतली बुरशी मोकाट वाढते. शेजाऱ्यास ज्या बाटलीनें गुण आला, तीच आपल्या डोळ्यांत घालणें म्हणजे करप्याचें औषध न पाहतां किडीवर फवारण्यासारखें आहे. आणि येथें नुकसान एका हंगामाचें नसून जन्माचें आहे.

वैद्य काय करतात?

ते डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या उजेडांत पाहतात. खरचटलेली जागा हिरवी चमकते. व्रण असल्यास तेथील कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात, म्हणजे जंतु कीं बुरशी हें कळतें. बुरशीवर नॅटामायसिनचे थेंब देतात. सन २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतांतील ३२३ रोग्यांवरील तुलनेंत व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या औषधापेक्षां तेच सरस ठरलें. विशेषतः फ्युजेरियमच्या व्रणांत. हे थेंब आरंभीं दर तासास घालावे लागतात व उपचार कित्येक आठवडे चालतो. दुःख थांबलें म्हणून औषध मध्येंच सोडूं नये. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं अधिक दक्ष असावें. फूल कायम राहिल्यास नेत्रदानांतून मिळालेला पडदा बसवितां येतो. पण तो मिळेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि बसविलेला पडदा टिकेलच असें नाहीं.

शेतधन्याचें कर्तव्य

मळणी, ऊसतोड, छाटणी व फवारणी करतांना साधा प्लॅस्टिकचा गॉगल वापरल्यास यांपैकीं बरेच अपघात टळतात. विळ्याकोयत्यांबरोबर असे दोनचार गॉगल प्रत्येक शेतधन्यानें घरीं ठेवावेत. परंतु आमचें खरें सांगणें याच्याही पुढचें आहे. डोळा पुष्कळदां धन्याचा नव्हे, मजुराचा दुखावतो. दवाखान्यांत जावें तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो मुकाट्यानें डोळ्यास फडकें लावून काम करीत राहतो. आणि ते मोलाचे १८ तास आपल्याच बांधावर निघून जातात. अशा मजुरास त्याच दिवशीं, पुरी मजुरी देऊन, आपल्या वाहनानें नेत्रवैद्याकडे पोंचवावें. धन्याचा यांत एका दिवसाचा खर्च होतो, पण एका कुटुंबाचा मिळवता हात वांचतो. या सुगींत इतका एक नियम आमच्या वाचकांनीं पाळला तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.