नव्या भाताचे पोहे

प्रास्ताविक

दिवाळीचा फराळ म्हटला की लाडू, चकली, करंजी, चिवडा ही नावे चटकन ओठांवर येतात. हे पदार्थ आज कोकणात आणि गोव्यातही घरोघर होतात. तथापि सह्याद्रीच्या पश्चिमेकडे नरकचतुर्दशीच्या पहाटेचा खरा मान असतो तो पोह्यांचा. गोव्यात कोकणी भाषेत त्यांना ‘फोव’ म्हणतात. एकाच धान्याचे पाच-सहा प्रकार त्या सकाळी पानात वाढले जातात. हे धान्य शेतातून पानापर्यंत कसे येते आणि त्यामागे कोणाचे श्रम असतात, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

शेतातून उखळात

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. पाऊस ओसरतो, ऊन तापू लागते आणि लवकर पिकणारे ‘हळवे’ भात कापणीस येते. ‘निमगरवे’ व ‘गरवे’ भात त्यामागून तयार होते. (‘भात’ हा शब्द मराठीत शेतातल्या पिकासाठीही वापरतात आणि ताटातल्या अन्नासाठीही. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे संदर्भावरून ठरवावे.) नवा तांदूळ शिजवला की गिचका होतो, म्हणून जेवणासाठी जुना तांदूळ आणि सणासाठी नव्या पिकाचे पोहे, अशी वाटणी गृहिणींनी अनुभवाने केली.

पोहे करण्यासाठी साळीसकट भात रात्रभर भिजत घालतात. सकाळी ते निथळून खापरात थोडे थोडे भाजतात. दाणे तडतडू लागले की ते गरम असतानाच उखळात ओतून मुसळाने कांडतात. सारे कसब या ‘गरम असतानाच’मध्ये आहे. दाणा निवला की कडक होतो, चपटा होण्याऐवजी फुटतो आणि पोह्यांऐवजी कणीच हाती येते. भिजवण्या-भाजण्यात दाण्यातील पिष्ट शिजून गेलेले असते; पोहे चुलीवर न चढवता खाता येतात, त्याचे कारण हेच.

हे काम एकटीचे नव्हे. एकीने मुसळ उचलायचे आणि ते खाली येण्यापूर्वी दुसरीने हात घालून दाणे वरखाली करायचे. लय चुकली तर बोटे चेचली जात. घरातील इतर माणसे अभ्यंगस्नानासाठी उठत, त्याच्या कितीतरी आधीपासून या बायका धुरात आणि कोंड्यात बसलेल्या असत. गिरणी आली तेव्हा उखळाच्या पोह्यांची चव गेली, अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. ती चव खरोखरच वेगळी होती. पण हळहळणाऱ्यांपैकी मुसळ हाती धरलेले किती होते, हेही विचारावयास हवे.

पाठगत प्रश्न : तुमच्या भागात सुगीनंतर नव्या धान्याचा कोणता पदार्थ करतात? तो कोण करते? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चार-पाच वाक्यांत लिहा.

पानातले प्रकार

चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून स्नान होते. कारीट नावाचे कडू रानफळ डाव्या पायाने चिरडतात. ते नरकासुराचे प्रतीक मानले जाते. गोव्यात नरकासुराच्या मोठमोठ्या प्रतिमा करून पहाटे जाळतात. मग सर्व मंडळी पोहे खावयास बसतात.

दूध-साखरेतले पोहे सर्वांत सोपे. गूळ, ओले खोबरे आणि वेलची घालून हाताने कालवलेले पोहे त्याहून चविष्ट, कारण हाताच्या ओलीने गूळ विरघळत पोह्यांत मुरतो. ताकातल्या पोह्यांना आले, मिरची आणि हिंग-जिऱ्याची फोडणी असते. फोडणीचे तिखट पोहे तर सर्वांच्या परिचयाचे आहेत.

या सर्वांत नाजूक प्रकार रसातल्या पोह्यांचा. चार माणसांसाठी एका नारळाचे खोबरे वाटून पहिला दाट रस काढून घ्यावा. त्याच चोथ्यात थोडे कोमट पाणी घालून दुसरा रस काढावा. दोन्ही एकत्र करून पाऊण वाटी चिरलेला गूळ, वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ घालावे. हा रस उकळू नये, फुटतो. धुऊन निथळलेले दोन वाट्या पोहे वाढण्याच्या वेळीच त्यात घालावेत. आधी घातले तर सारा रस पिऊन त्यांचा गोळा होतो. हे पोहे दूरच्या शहरातही करता येतील, मात्र पोहे शक्यतो लाल आणि नारळ ताजा हवा.

इतक्या गोडाला तोंडीलावणे हवेच. सिंधुदुर्गात काळ्या वाटाण्यांची उसळ करतात. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालण्यास विसरले, तर सकाळचा बेत कोलमडतो. गोव्यात अंबाड्याच्या फळांचे आंबटगोड ‘करम’ असते. अंबाडा हे झाड. अंबाडीच्या पालेभाजीशी त्याचा संबंध नाही.

शेजारचे पान

गोव्यातील खेड्यांत त्या सकाळी शेजाऱ्यांकडे पोहे खावयास जाण्याची रीत आहे. पहिल्या घरी पोटभर खाणारा तिसऱ्या घरी अडचणीत येतो. म्हणून जाणती माणसे प्रत्येक घरी चार घासच घेतात, पण नकार देत नाहीत. ज्या घरात त्या वर्षी कोणी दगावले असेल, तेथे सणाचे काही होत नाही. अशा घरी शेजारीण झाकलेले ताट घेऊन मागच्या दाराने जाते. सण कसा झाला, हे ती विचारीत नाही. ताट ठेवते, थोडा वेळ बसते आणि रिकामे ताट दुसऱ्या दिवशी नेईन, असे सांगून परतते.