दुकान, घर आणि देवाचे घर

वाचनासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १८:१-५, १८-२८, रोम १६:३-५, १ करिंथ १६:१९



डिसेंबर महिना उजाडला म्हणजे ज्या ख्रिस्ती कुटुंबाचा चरितार्थ एखाद्या लहानशा धंद्यावर चालतो, त्याची मोठी ओढाताण सुरू होते. शिंप्याचे दुकान असो, बेकरी असो की छापखाना असो, कामाची गर्दी याच दिवसांत असते. मंडळीत गीतांचा सराव, गृहभेटी, मंदिराची रंगरंगोटी व वर्षअखेरचे हिशेब हेही याच दिवसांत येतात. मुलांच्या परीक्षा आणि घरचे आजारपण तर कोणाला विचारून येत नाही. महाराष्ट्राबाहेर दूरच्या शहरांत राहणाऱ्या आपल्या मराठी बंधुभगिनींची स्थिती आणखी अवघड असते. तेथे मराठी उपासकांचा मेळा लहान, म्हणून पेटी वाजवणारा, दानार्पण मोजणारा आणि सतरंज्या अंथरणारा पुष्कळदा एकच मनुष्य असतो.

माझ्या वडिलांचे शिवणकामाचे लहानसे दुकान होते आणि ते मंडळीचे खजिनदार होते. एका वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक गृहस्थ तिसऱ्यांदा दुकानात आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता आणि वडिलांनी त्यांना कपडे दोन दिवस आधी देण्याचा शब्द दिला होता. वडील त्या वेळी मंदिरात मांडवाचे काम पाहत होते. गृहस्थ माझ्या आईला एवढेच म्हणाले, “देवाच्या कामाला जायचे होते, तर मला तारीख कशाला दिली?” आई रात्रभर मशीनवर बसली. पहाटेच्या उपासनेची घंटा झाली तेव्हा ती काजे करीत होती. त्या सकाळी पाळकसाहेबांनी मंडळीसमोर वडिलांच्या निःस्वार्थ सेवेचा गौरव केला. मी वडिलांच्या शेजारी बसलो होतो. माझ्या दुसऱ्या बाजूची आईची जागा रिकामी होती.

आज चाळीसहून अधिक वर्षांनी, पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करीत असताना, ती रिकामी जागा मला वारंवार आठवते. हा प्रश्न केवळ वेळापत्रकाचा आहे काय? शास्त्र काय सांगते ते आपण पाहू.

१. एका छपराखालची तीन कामे

नव्या करारात अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याचा उल्लेख सहा वेळा येतो, आणि सहाही वेळा दोघांची नावे बरोबरच येतात. जुन्या ग्रीक हस्तलिखितांप्रमाणे त्यांपैकी चार ठिकाणी पत्नीचे नाव आधी आहे. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून घालवून दिले, ही घटना सामान्यतः इ.स. ४९ च्या सुमाराची मानली जाते. त्या वेळी हे पतिपत्नी करिंथास आले. परक्या शहरात त्यांच्यापाशी भांडवल होते ते हातातल्या कसबाचे. ते राहुट्या करणारे होते. पौलाचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्या घरी राहिला व त्यांच्याबरोबर काम करू लागला.

लूक हे एकाच वाक्यात सांगून जातो, म्हणून आपण ते घाईने वाचतो. पण येथे घर, कारखाना आणि सुवार्तेचे केंद्र ही तीन निराळी ठिकाणे राहत नाहीत. पुढे इफिसात त्यांच्या घरी मंडळी जमत असे आणि नंतर रोममध्येही तसेच घडले. अपुल्लो हा मोठा वक्ता. परंतु त्याचे ज्ञान योहानाच्या बाप्तिस्म्यापाशी थांबले होते. त्याला या दोघांनी चारचौघांत खाली पाहावयास लावले नाही. त्यांनी त्याला आपल्याजवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. व्यासपीठावरून जे काम झाले नसते ते या कारागीर दांपत्याने केले.

इफिसातील आणखी एक तपशील मला फार प्रिय आहे. लोक पौलाच्या अंगावरचे रुमाल व फडकी आजाऱ्यांकडे नेत असत (प्रे. कृत्ये १९:१२). ‘फडकी’ यासाठी मूळ ग्रीकात ‘सिमिकिंथिया’ असा शब्द आहे. तो कारागिराने कमरेला बांधावयाच्या वस्त्रासाठी वापरला जात असे, आणि रुमाल म्हणजे घाम पुसण्याचा कपडा. देवाने ज्या वस्त्रांचा उपयोग केला ती घामेजलेली कामाची वस्त्रे असावीत, हा विचार दुकानात राबणाऱ्या प्रत्येकाला धीर देणारा आहे.

२. ‘सेवा’ म्हणजे नेमके काय?

आपल्या बोलण्यात ‘सेवा’ म्हणजे मंडळीचे काम आणि ‘धंदा’ म्हणजे जगाचे काम, अशी वाटणी झालेली आहे. शास्त्राच्या मूळ भाषा ही वाटणी इतक्या सहज मान्य करीत नाहीत. इब्री भाषेत ‘आबाद’ या धातूचा उपयोग एदेन बागेच्या मशागतीसाठी होतो (उत्पत्ती २:१५) आणि सीनाय पर्वतावर देवाची उपासना करण्यासाठीही होतो (निर्गम ३:१२). मनुष्य सकाळी कामाला बाहेर पडून संध्याकाळपर्यंत श्रम करतो असे स्तोत्र १०४:२३ मध्ये म्हटले आहे, तेथेही याच धातूपासून झालेला शब्द आहे. ग्रीक ‘डायकोनिया’ हा शब्द प्रेषितांच्या वचनसेवेला लावला आहे (प्रे. कृत्ये ६:४), तसाच मार्थेच्या स्वयंपाकघरातील कामालाही लावला आहे (लूक १०:४०).

येथे भाषांतरकाराने एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. एका शब्दाचे अनेक अर्थ असले म्हणजे ते सर्व अर्थ एकच होत नाहीत; संदर्भ अर्थ ठरवतो. “माझा धंदा हीच माझी उपासना” असे म्हणून रविवारी दुकान उघडे ठेवणाऱ्याला हा शब्द आधार देत नाही. कारण मिसर देशात इस्राएल लोक विटा पाडण्याची जी वेठ करीत होते, तिलाही निर्गम १:१४ मध्ये हाच शब्द आहे. तेव्हा खरा प्रश्न काम कोणते हा नसून ते कोणासाठी चालले आहे हा आहे.

फारोची खूण निर्गमाच्या पाचव्या अध्यायात दिली आहे. तो काम वाढवीत जातो, विसावा देत नाही, आणि लोकांनी देवापुढे जाऊ नये म्हणून त्यांना गुंतवून ठेवतो. असा फारो दुकानाच्या गल्ल्यावर बसतो हे आपल्याला लवकर समजते. परंतु तो मंडळीच्या कमिटीतही येऊन बसू शकतो, हे समजावयास आपल्याला वेळ लागतो. आठवड्यातील पाच संध्याकाळी सभा, आणि घरी आल्यावर मुले झोपलेली! नाव देवाच्या सेवेचे असले तरी रीत फारोची असू शकते.

३. ‘कुर्बान’ म्हणण्याचा मोह

मार्क ७:९-१३ मध्ये प्रभू येशूने एका धार्मिक पळवाटेवर बोट ठेवले. आईबापांच्या पोषणासाठी जे द्यावयाचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण झालेले आहे, असे म्हटले की मनुष्य त्यांच्याविषयीच्या कर्तव्यातून सुटत असे. प्रभूने या भक्तीला देवाचे वचन रद्द करणे असे म्हटले. आपण पैशाविषयी कदाचित असे करीत नाही. वेळेविषयी मात्र सहज करतो. पत्नीचा वेळ, वृद्ध आईचा वेळ, गिऱ्हाइकाला दिलेली तारीख, हे जे आपले नव्हतेच ते आपण कुर्बान म्हणून अर्पण करतो. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू वेदीवर ठेवली तर तिला अर्पण कसे म्हणावे?

म्हणूनच पौल तीमथ्याला लिहितो की, ज्याला स्वतःच्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील (१ तीमथ्य ३:५)? घर हे मंडळीच्या कामातला अडथळा नव्हे. तो त्या कामाचा पहिला पाठ आहे.

आपल्या भाषेच्या इतिहासातील एक उदाहरण येथे नम्रतेने आठवावे. मराठीतील पहिला नवा करार १८११ साली सेरामपूरहून छापून निघाला. त्यामागे असलेले विल्यम केरी मूळचे चर्मकार, जोडे शिवणारे. १७९३ साली ते सहकुटुंब बंगालमध्ये आले आणि १७९४ पासून मालदा भागातील निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहू लागले. कारखाना सांभाळून भाषांतर चाले. त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. पुढे पत्नी डोरोथीबाईंचे मन जे ढळले ते १८०७ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. त्या मुळात हिंदुस्थानात येण्यास राजी नव्हत्या. आपण दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्या काळचे रोग, परदेश व दारिद्र्य यांचा भार कोणालाही मोडील असाच होता. पण ज्या ग्रंथाने आपल्या भाषेत सुवार्ता आणली त्याची किंमत घरातील एका स्त्रीनेही मोजली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १८०० पासून सेरामपूर येथे केरी, मार्शमन व वॉर्ड यांची कुटुंबे एकत्र राहू लागली. मार्शमन पतिपत्नींची शाळा, वॉर्ड यांचा छापखाना आणि केरींचे अध्यापनाचे वेतन यांची मिळकत एका सामाईक थैलीत जाई. केरींच्या मुलांकडे पित्याचे लक्ष अपुरे पडत होते, तेव्हा मार्शमनबाई व वॉर्ड यांनी त्यांना जवळ केले. एकट्याला न पेलणारा भार अनेकांनी उचलला, म्हणून काम टिकले.

४. कारभाऱ्याची शिस्त

पौल स्वतःला कारभारी म्हणवतो (१ करिंथ ४:१-२). ग्रीक शब्द ‘ओइकोनोमोस’. त्यात ‘ओइकोस’ म्हणजे घर हा शब्द आहे. कारभारी मालक नसतो, आणि त्याच्याकडून एकच अपेक्षा असते, ती विश्वासूपणाची. ही शिस्त लहान धंदेवाइकाने चार ठिकाणी पाळावी.

पहिली, शब्दाची. आपले होय ते होय असावे (मत्तय ५:३७). नाताळ, उपवासकाळ व कापणीच्या सणाच्या तारखा आधीच ठाऊक असतात. त्या दुकानाच्या वहीत आधी लिहाव्या आणि मगच गिऱ्हाइकाला तारीख द्यावी. कमी काम घेतल्याने मिळकत थोडी घटेल. परंतु शब्द मोडल्याने प्रभूच्या नावाला उणेपणा येतो.

दुसरी, पैशाची. दुकानाचा गल्ला, घरखर्च आणि मंडळीचा पैसा यांच्या पिशव्या निराळ्या असाव्यात. “आज वापरू, सोमवारी भरू” या वाक्याने अनेक प्रामाणिक खजिनदारांना संकटात लोटले आहे. यरुशलेमेसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना पौलाने विश्वासू बंधूंना बरोबर घेतले, कारण माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार स्वच्छ दिसावा अशी त्याची इच्छा होती (२ करिंथ ८:१८-२१). दानार्पण दोघांनी मोजावे आणि लगेच नोंदवावे.

तिसरी, विसाव्याची. अनुवाद ५:१४-१५ मधील शब्बाथाची आज्ञा दास व दासी यांनाही विसावा देते, आणि तुम्हीही मिसरात दास होता याची आठवण करून देते. आपण उपासनेस जाताना कामगाराला दुकानात बसवून गेलो, तर तो विसावा अर्धाच राहिला. आणि घरातील स्त्रीला रविवारी दुप्पट काम पडत असेल, तर तोही अर्धाच राहिला.

चौथी, वाटून घेण्याची. प्रे. कृत्ये १८:५ मध्ये सीला व तीमथ्य मासेदोनियाहून आले तेव्हा पौल वचनाच्या कामात पूर्णपणे गढून गेला. मासेदोनियाच्या बंधूंनी त्याची गरज भागवली असे तो अन्यत्र लिहितो (२ करिंथ ११:९). म्हणजे पौलाच्याही आयुष्यात धंदा व सेवा यांचे प्रमाण कायमचे ठरलेले नव्हते. मदत आली तेव्हा ते बदलले. तान्हे मूल, आजारी सासू किंवा कर्जाचा हप्ता घरात असताना सेवेचा एक भार खाली ठेवणे म्हणजे विश्वासत्याग नव्हे. मंडळीनेही, जो बैल चालतो त्याच्याच मानेवर जू ठेवण्याची सवय सोडावी.

वडिलांनी त्या नाताळनंतर दोन गोष्टी केल्या. ते त्या गृहस्थांच्या घरी जाऊन क्षमा मागून आले, आणि खजिनदारपद त्यांनी दोन वर्षांसाठी दुसऱ्या बंधूकडे दिले. आईपाशी क्षमा मागताना मी त्यांना ऐकले नाही. पण पुढल्या डिसेंबरात गिऱ्हाईक तारीख मागू लागले की वडील चष्मा काढून आतल्या खोलीकडे पाहत व म्हणत, “थांबा, घरात विचारतो.” त्या वर्षी पहाटेच्या उपासनेत आई माझ्या शेजारी होती.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या सेवेची किंमत सध्या घरातील कोण मोजीत आहे? त्या व्यक्तीला आपण कधी विचारले आहे काय?

२. या महिन्यात आपण कोणाला दिलेला शब्द मोडला? त्याच्याकडे जाऊन काय बोलाल?

३. आपल्या मंडळीत एकाच माणसाकडे असलेली कोणती दोन कामे वाटून घेता येतील?

४. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याप्रमाणे आपले दुकान किंवा घर या आठवड्यात कोणा एका व्यक्तीसाठी कसे उघडता येईल?