वेब ॲप्लिकेशनमधील पानांचे पत्ते : गडचिरोलीत उतरणारी परीक्षा

वेब ॲप्लिकेशनमध्ये कोणत्या पत्त्यावर कोणते पान दाखवायचे हे ठरवणारी व्यवस्था, म्हणजे राउटिंग, बहुधा शहरातल्या वेगवान इंटरनेटवर बसून निवडली जाते. तिची परीक्षा मात्र भामरागड, एटापल्ली किंवा कोरचीसारख्या तालुक्यांत होते, जिथे रेंज मध्येच जाते, फोन साधा असतो आणि पानाची लिंक व्हॉट्सॲपवरून हाती येते. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या आहेत; त्या लिलावांच्या सूचना देणारे संस्थळ उदाहरणादाखल धरले, तर निरनिराळ्या पद्धतींतील फरक चटकन ध्यानात येतो.

जुन्या पद्धतीत प्रत्येक क्लिकला सर्व्हर पूर्ण पान तयार करून पाठवतो. दर वेळी रेंज लागते हा तिचा दोष खरा. परंतु मजकूर जसजसा पोहोचतो तसतसा दिसू लागतो आणि कोणतीही लिंक थेट उघडते. याउलट एकपानी ॲप्लिकेशनमध्ये आरंभी जावास्क्रिप्टचा मोठा गठ्ठा उतरतो व पुढची पाने ब्राउझरच रचतो, त्यामुळे तो गठ्ठा अर्ध्यावर अडकला की वाचकासमोर कोरा पडदा राहतो.

या दुसऱ्या पद्धतीत पत्त्याचा प्रश्न अधिक फसवा आहे. पत्त्यातील # या चिन्हापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. म्हणून त्या भागावर आधारलेली लिंक तुटत नाही, पण व्हॉट्सॲपवर प्रत्येक ग्रामसभेच्या सूचनेखाली तोच एक मथळा झळकतो. ट्विटरने २०१० मध्ये ही वाट धरली आणि २०१२ मध्ये सोडली. हिस्टरी एपीआय, म्हणजे पान पुन्हा न मागवता पत्ता बदलण्याची ब्राउझरमधील सोय, वापरली तर पत्ते स्वच्छ दिसतात. मात्र सर्व्हरला ते पत्ते सांगून ठेवलेले नसतील, तर आतल्या पानाची लिंक थेट उघडणाऱ्याला किंवा पान रिफ्रेश करणाऱ्याला ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, असे उत्तर मिळते. मुखपृष्ठावरून क्लिक करत आत जाणाऱ्या विकासकाला हा दोष कधीच दिसत नाही, आणि तक्रार करणाऱ्याला मात्र ‘आमच्याकडे चालते’ हे ठरीव उत्तर ऐकावे लागते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक अनोळखी पत्त्यावर मुख्य फाइल पाठवली जाते. पण मग काढून टाकलेल्या सूचनेलाही सर्व्हर ‘यशस्वी’ म्हणतो आणि शोधयंत्रे ती रद्दी जपून ठेवतात.

पहिले पान सर्व्हरने व पुढची ब्राउझरने रचावीत, अशी मिश्र पद्धतही आहे. तीत एकच काम दोन ठिकाणी नीट चालवण्याचा खर्च येतो, जो लहान संस्थांना क्वचितच पेलतो.

सूचना, निकाल, नियम अशा वाचण्याच्या मजकुरासाठी सर्व्हरने रचलेली पानेच योग्य ठरतात. पण तेंदूच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, तेंदूपत्त्याच्या पुड्यांची नोंद करणाऱ्याला रेंज नसतानाही काम चालू ठेवायचे असते. त्याच्यासाठी सर्व्हिस वर्करची, म्हणजे पाने फोनमध्ये साठवून देणाऱ्या जावास्क्रिप्टची, जोड असलेले एकपानी ॲप्लिकेशन बरे. काम स्वीकारण्यापूर्वी आतल्या पानाची लिंक दुसऱ्या फोनवर उघडावी, मध्येच इंटरनेट बंद करावे, रिफ्रेश करावे, मागे जाण्याचे बटण दाबावे. आणि या चाचण्या करारातच लिहून घ्याव्यात.