हिरवळ : खरी आणि कृत्रिम

चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावी वैशाखात अंगणातील हरळी वाळून पिवळी पडते. अशा वेळी सदैव हिरवे दिसणारे प्लास्टिकचे गवत अंथरावे काय, असा प्रश्न निर्माण होतो.

हे गवत प्रथम गाजले ते अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी. तेथील छताच्या क्रीडागृहात पुरेशा उजेडाअभावी खरे गवत मेले; म्हणून १९६६ साली कृत्रिम गवत बसविण्यात आले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीही अशाच मैदानावर खेळली गेली.

कृत्रिम गवतास जगण्यासाठी पाणी लागत नाही व ते कापावेही लागत नाही. टंचाईच्या प्रदेशात हा गुण उपेक्षणीय नाही. परंतु जिवंत गवत पानांवाटे बाष्प सोडून जागा थंड राखते. प्लास्टिक मात्र उन्हात तापते. गवताची मुळे माती धरून ठेवतात. प्लास्टिक झिजून त्याचे कण मातीत मिसळतात.

शिवाय वाळलेली हरळी मेलेली नसते. जमिनीतील तिची खोडे जिवंत राहतात आणि मृगाच्या सरींनी पुन्हा फुटतात. उन्हाळ्यात पाणी न घालताही ती टिकते. तेव्हा पिवळेपणा चार महिने सोसला, तर पाणीही वाचते व मातीही.

प्रयोग : श्रावणातील उघडिपीच्या दिवशी दुपारी हिरवी हरळी, उघडी माती व प्लास्टिकची चटई यांवर उष्णतामापक ठेवून विद्यार्थ्यांकडून नोंदी करून घ्याव्यात.

प्रश्न : १. ह्यूस्टन येथील गवत का मेले? २. वाळलेली हरळी पुन्हा कशी हिरवी होते?